एका युनिटमागचे पाणी



मुंबईतल्या एखाद्या घरात संध्याकाळी दिवे लागतात, पंखा फिरू लागतो आणि वीजमीटरवर एक युनिट पुढे सरकते. ते युनिट खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून आले असेल, तर त्यासाठी सह्याद्रीच्या माथ्यावरचे साधारण नऊशे लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलेले असते. तेच युनिट चंद्रपूरहून आले असेल, तर पाणी लागते फक्त तीन-साडेतीन लिटर. मात्र तिथे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि दोनशे ग्रॅमहून अधिक राख मागे उरते. चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने येते, राख मात्र चंद्रपुरातच राहते.

या दोन्हींतली पर्यावरणाच्या दृष्टीने कार्यक्षम वीज कोणती?

तापमानवाढीचा हिशेब करणारा क्षणात खोपोलीचे नाव घेईल. सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी इतक्या सहज घेणार नाही. वळवण, शिरवटा, ठोकळवाडी, मुळशी या तलावांत साठणारे पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातले. जमिनीच्या उताराने ते पूर्वेला, सोलापूरच्या उजनी धरणाच्या दिशेने गेले असते. टाटांच्या वीजगृहांनी ते खोपोलीत १९१५ पासून, भिवपुरीत १९२२ पासून आणि भिऱ्यात १९२७ पासून पश्चिमेला कोकणात उतरवले. आज वर्षाला ४० टीएमसीहून अधिक पाणी असे वळते. उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आहे, म्हणजे वळणाऱ्या पाण्याचा आकार ध्यानात येईल. त्या बदल्यात वर्षाकाठी सव्वाशे-दीडशे कोटी युनिटे मिळतात. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो बुडणाऱ्या जमिनीसाठी. शंभर वर्षांनी त्याच तलावांवरून जो वाद चालतो, तो पाण्याचा आहे.

न्यायाने बोलायचे तर हे पाणी वाया जात नाही. वीज तयार झाल्यावर ते पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका नद्यांत जाते आणि रायगड जिल्ह्यातली गावे, शहरे, कारखाने त्यावर चालतात. मागणी एकदम वाढली की जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतात, ही सोय कोळशाच्या केंद्राला नाही. तरीही मूळ गोष्ट बदलत नाही. एकच वस्तू, एकच उद्योगक्षेत्र आणि एकच राज्य असूनही एका युनिटमागे निसर्गाने मोजलेली किंमत प्रदेशागणिक वेगळी आहे. ती कोण मोजतो, हेही प्रदेशागणिक वेगळे आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

पर्यावरणीय कार्यक्षमता म्हणजे काय, याचे उत्तर वरवर सोपे आहे. एक किलो, एक टन किंवा एक रुपया इतके उत्पादन काढताना किती पाणी, ऊर्जा आणि जमीन खर्च झाली आणि किती घाण मागे राहिली, याचे गुणोत्तर. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ फॅरेल यांनी १९५७ मध्ये कार्यक्षमता मोजण्याची एक कल्पना मांडली. एखादा कारखाना चांगला की वाईट हे पुस्तकातल्या आदर्शावरून ठरवू नये, त्याच्यासारख्याच कारखान्यांत जो सर्वांत कमी साधनांत सर्वाधिक उत्पादन काढतो त्याच्यापासून हा किती मागे आहे ते पाहावे. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये या कल्पनेला गणिती पद्धतीचे रूप दिले. पुढच्या अभ्यासकांनी धूर, सांडपाणी, राख अशी नकोशी उत्पादनेही त्या हिशेबात धरली. आज जगभर देशांची, प्रांतांची, जिल्ह्यांची क्रमवारी या पद्धतीने लावली जाते.

या क्रमवारीत एक मोठी फसगत दडलेली आहे. मुंबईच्या अर्थव्यवस्थेत बँका, विमा, चित्रपट, शेअर बाजार यांचा वाटा मोठा आहे. तिथल्या रुपयामागे निघणारा धूर थोडा दिसणारच. चंद्रपूर जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज, सिमेंट आणि कागद आहे, तिथला रुपया काळा दिसणारच. मुंबईतले वातानुकूलन ज्या विजेवर चालते तिचा धूर चंद्रपूरच्या खात्यावर मांडायचा आणि मग मुंबईला कार्यक्षम, चंद्रपूरला अकार्यक्षम म्हणायचे, हा हिशेब नाही, अन्याय आहे. म्हणून तुलना करायची तर आधी क्षेत्र एक असले पाहिजे. साखरेशी साखर ताडून पाहावी, पोलादाशी पोलाद. आणि उत्पादन जिथे वापरले जाते त्या ठिकाणाचे नावही खात्यात यायला हवे.

साखरेपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्राने उसाच्या पिकावर जितके राजकारण, सहकार आणि पाणी खर्च केले तितके दुसऱ्या कशावर केले नाही. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत सुरू हंगामातल्या उसाची पाण्याची गरज हेक्टरी २५० ते २७५ हेक्टर-सेंटिमीटर धरली जाते, आडसालीची ३४० ते ३५०. हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. सुरू उसाला अडीच कोटी लिटर पाणी, हेक्टरी ८५ टन उत्पादन आणि ११ टक्के उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, धरला, तर साखर मिळते साडेनऊ टनांच्या आत. भागाकार केला की किलोमागे अडीच हजार लिटरहून अधिक पाणी पडते. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालांतही महाराष्ट्राचा आकडा किलोमागे दोन हजार लिटरच्या वर आहे. उत्तर प्रदेशाचा आकडा त्याच्या साधारण निम्मा आहे.

उत्तर प्रदेशाच्या शेतकऱ्याला काही वेगळी विद्या अवगत आहे असे नाही. गंगेच्या मैदानात भूजल वर आहे, जमीन गाळाची आहे, हिवाळ्यात बाष्पीभवन थोडे होते आणि ऊस दहा-बारा महिन्यांत तुटतो. महाराष्ट्रातला आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि त्यात एक अख्खा उन्हाळा पचवतो. फार वर्षे महाराष्ट्राची बढाई उताऱ्याची होती. इथला उतारा अकराच्या वर, तिकडचा नवाच्या आसपास. करनालच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या को ०२३८ या वाणाने तो फरकही गेल्या दशकात पुसत आणला. पुढे त्या वाणाला लाल कूज रोगाने गाठले, हा भाग वेगळा. जमीन हा मापदंड धरला की महाराष्ट्राचा ऊस चांगला ठरतो, पाणी धरले की तो देशातल्या महागड्या पिकांत बसतो. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास जागा व्यापणारे हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी साठ-सत्तर टक्के पाणी घेते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ऐकून ऐकून कान सरावले आहेत, पण तो आकडा आजही अस्वस्थ करणारा आहे.

महाराष्ट्र म्हणून एकच आकडा सांगणे हेही सरासरीचे झाकण आहे. कोल्हापुरात पाऊस भरपूर, पंचगंगेला पाणी, जमीन कसदार आणि उतारा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा वर. सोलापुरात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर आणि उतारा कोल्हापूरहून बराच कमी. तरीही राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. उजनीचे पाणी आले, ऊस आला, मागोमाग कारखाने आले आणि मग कारखान्यांना ऊस हवा म्हणून आणखी पाणी आले. ज्या प्रदेशात किलोमागे पाणी सर्वाधिक लागते तिथेच या उद्योगाची वाढ सर्वाधिक झाली. याच वाटेने गेलेल्या मराठवाड्याने २०१६ मध्ये याची परिणती पाहिली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. वरच्याच हिशेबाने पाहिले, तर तेवढ्या पाण्यात मराठवाड्यातल्या शेतात दोनशे किलोच्या आत साखर पिकते.

तांदळातही हेच घडले आहे. पंजाबात हेक्टरी उत्पादन देशात सर्वाधिक. पण सिंचनाच्या एका घनमीटर पाण्यामागे किती तांदूळ पिकतो, हे नाबार्डसाठी झालेल्या २०१८ च्या अभ्यासाने मोजले, तेव्हा पंजाबात तो पाव किलोच्याही आत भरला आणि झारखंडात पाऊण किलोच्या जवळ. झारखंडात सिंचन फार थोडे आहे, पावसाचे पाणी भाताचे बरेचसे काम करते. मग सरकारी खरेदी आणि फुकट वीज यांचा ओघ मात्र पंजाबकडेच का राहिला, याचे उत्तर शेतीशास्त्रात सापडणार नाही.

आता कारखानदारीकडे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१२ मध्ये 'पॅट' योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या उद्योगांना उत्पादनाच्या टनामागे किती ऊर्जा वापरायची याचे लक्ष्य दिले. लक्ष्यापलीकडे बचत करणाऱ्याने प्रमाणपत्रे विकायची आणि कमी पडलेल्याने विकत घ्यायची. योजना चांगली आहे आणि तिने सिमेंटसारख्या क्षेत्रात खरी बचत घडवली. भारतातले सिमेंट कारखाने ऊर्जेच्या वापरात आज जगातल्या सर्वोत्तमांत गणले जातात. पण ही योजना कारखान्याच्या एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंतच मोजते. फाटकाबाहेर कोणता जिल्हा आहे, नदीला पाणी आहे की नाही, हवेत आधीच किती धूळ आहे, याला त्या मापात जागा नाही. २०२३ च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेतही लक्ष्य टनामागच्या उत्सर्जनाचेच आहे.

याचा अर्थ चंद्रपुरात कळतो. आवारपूर, माणिकगड, घुग्घुस इथले सिमेंट कारखाने महाऔष्णिक केंद्रातून निघणारी राख सिमेंटमध्ये मिसळतात. त्यामुळे क्लिंकर कमी लागते, चुनखडी कमी भाजावी लागते आणि राखेचे ढीगही हलतात. एकेका कारखान्याकडे पाहिले तर कामगिरी कौतुकाची आहे. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथ्या क्रमांकावर आले. पुढे होती ती अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. बऱ्यापैकी कार्यक्षम कारखाने एका खोऱ्यात दाटीवाटीने उभे केले की तिथल्या माणसाच्या फुप्फुसात जाणारी धूळ त्यांच्या गुणोत्तराने ठरत नाही, बेरजेने ठरते. क्षेत्राची कार्यक्षमता आणि प्रदेशाची कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम करताना दुसरी नेहमी विसरली जाते.

जालन्याचे उदाहरण याच्या उलट्या बाजूने बोलते. तिथल्या इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवून सळया बनवतात. टनामागे साधारण सहाशे युनिटे वीज लागते. देशाच्या वीजजाळ्यातल्या सरासरी युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका टनामागे अर्ध्या टनाच्या आत. लोहखनिजापासून झोतभट्टीत पोलाद करायचे तर हाच आकडा दोन टनांच्या वर जातो. भंगारात कोळशावर बनलेले स्पंज आयर्न मिसळले की जालन्याचा आकडाही चढतो, पण त्या स्पंज आयर्नचा धूर छत्तीसगडात किंवा ओडिशात निघालेला असतो. एवढे मान्य करूनही, दुष्काळी मराठवाड्यात पाणी कमी आणि रोजगार अधिक देणारा हा उद्योग टिकला, याची दखल महाराष्ट्राने पुरेशी घेतलेली नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर जगलेल्या या शहराला ऊस परवडणार नव्हता. भंगारातून केलेले पोलाद परवडले.

कापडाच्या धंद्यात तर एकच पेच दोन गावांनी दोन तऱ्हांनी सोडवला. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगशाळांनी नोय्यल नदी इतकी बिघडवली, की तिच्यावरच्या ओरथुपालयम धरणाचे पाणी शेतीला विषारी ठरले. मद्रास उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत रंगशाळा बंद ठेवण्याचा आदेश दिला. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी सामायिक शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. पाणी बहुतांशी परत वापरले जाऊ लागले, मिठाचे द्रावणही पुन्हा रंगाच्या टाकीत जाऊ लागले. पण उरलेले खारे पाणी आटवायला उष्णता लागते आणि ती लाकूड किंवा कोळसा जाळूनच मिळते. पाण्याची कार्यक्षमता वाढली, तिची किंमत कार्बनमध्ये द्यावी लागली. नोय्यलच्या कोरड्या खोऱ्यात हा व्यवहार योग्यच म्हणावा लागेल.

पंचगंगेकाठच्या इचलकरंजीवर कोर्टाची सक्ती त्या टोकापर्यंत झाली नाही. पंचगंगा तिरुपूरच्या नदीपेक्षा कितीतरी भरलेली, तिच्यात घाण विरून जाते असा समज होता. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची साथ पसरली, माणसे दगावली. त्या दूषित पाण्यात शहराचे सांडपाणीही होते आणि वरच्या गावांचेही, एकट्या कापड प्रक्रियेवर दोष ढकलणे बरोबर नाही. पण पाणी भरपूर असलेल्या प्रदेशात पाण्याविषयी बेफिकिरी अधिक असते, हे दोन शहरे शेजारी ठेवली की उघड दिसते. पाणी टंचाईने महाग झाले की उद्योग सुधारतो. ते महाग होईपर्यंत थांबायचे का, हा धोरणाचा प्रश्न आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मोलाचा आहे. प्रत्येक किलोमागचे पाणी, प्रत्येक टनामागचा कोळसा घटवत नेला की प्रश्न सुटेल, असे समजणाऱ्यांना अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच इशारा दिला होता. स्कॉटलंडच्या लोखंडाच्या भट्ट्यांत टनामागचा कोळसा एक तृतीयांशाच्याही खाली आला आणि १८३० ते १८६३ या काळात कोळशाचा एकूण खप मात्र दहापट झाला. स्वस्त झालेले लोखंड अधिक विकले गेले. महाराष्ट्रात ठिबक सिंचनाचे तेच होण्याचा धोका आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने एकरी पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचे रान उसाखाली आले, तर धरणात एक थेंबही वाढत नाही. किलोमागचा आकडा सुधारतो आणि नदी मात्र होती तशीच राहते.

म्हणून पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून जे केले, त्याकडे नुसते समाजकार्य म्हणून पाहू नये. त्यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला आणि माणसाशी जोडला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढेच पाणी आणि ऊस घ्यायचा नाही. एकूण उपसा आधी बांधून टाकला, पीक त्यानंतर निवडले. हिवरे बाजार या गावाने हेच पाण्याच्या वार्षिक ताळेबंदाने केले. पाऊस किती पडला ते मोजायचे, आधी पिण्याचे पाणी राखायचे आणि उरले त्यावर पीक ठरवायचे. या गावांनी प्रदेशाची मर्यादा आधी मान्य केली, कार्यक्षमता तिच्या आत शोधली. राज्याच्या नियोजनात हा क्रम अजून उलटा आहे.

महाराष्ट्राला प्रादेशिक हिशेबाचे वावडे नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९८३ मध्ये नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिने विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांचा अनुशेष रुपयांत मांडला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज मिळून तो ३,१८७ कोटींच्या घरात होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने पाण्यासाठी वेगळ्या दृष्टीने विचार करावा असे सुचवले. २०२० च्या एप्रिलअखेर मंडळांची मुदत संपली. या साऱ्या प्रवासात प्रश्न एकच राहिला, कोणत्या विभागाला किती मिळाले. कोणत्या विभागाने राज्यासाठी किती राख, किती धूळ, किती पाणी सोसले, याचा रकाना त्या तक्त्यांत कधी आला नाही. विदर्भाने किती कोळसा जाळला ते सिंचनाच्या अनुशेषात दिसत नाही आणि भीमेने कोकणाला किती पाणी दिले ते रस्त्यांच्या लांबीत दिसत नाही.

असा रकाना भरणे अवघड आहे, अशक्य नाही. वीज केंद्रांच्या पाण्यावर २०१५ पासून केंद्राची मर्यादा आहे, जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर. ती माहिती मागता येते. कारखान्यांचे उतारे हंगामागणिक प्रसिद्ध होतात, कालव्यांचे आवर्तन नोंदलेले असते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने अस्तित्वात आहे. खोरे हे एकक धरून प्रत्येक मोठ्या उत्पादनामागचे पाणी, कोळसा आणि राख दरवर्षी आर्थिक पाहणीत छापायला कोणताही नवा कायदा लागत नाही.

आणि आकडे समोर आले की मार्गही दिसतात, हे नागपुराने दाखवले आहे. कोराडीचे औष्णिक केंद्र पूर्वी धरणाच्या पाण्यावर चालत असे. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले नागपूर शहराचे सांडपाणी, दिवसाला १३ कोटी लिटर, आता तिकडे जाते. युनिटमागचे लिटर तेवढेच राहिले, पण ते धरणातून न जाता शहराच्या गटारातून गेले. पुण्याचे सांडपाणी आजही मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत उतरते, बरेचसे अर्धवट शुद्ध केलेले. त्याच उजनीतून सोलापूर शहर पाणी पिते आणि तिच्याच काठावर किलोमागे अडीच हजार लिटर मागणारा ऊस वाढतो. टाटांच्या तलावांचे पाणी पूर्वेला सोडावे की नाही, यावर पुढची अनेक वर्षे वाद होईल. पुण्याचे पाणी शुद्ध करून उजनीला द्यायला मात्र पाणीवाटप लवादाचा निकाल लागत नाही आणि कोकणची परवानगीही लागत नाही.